आरोपीचा वकील, नागरिकांचे हक्क आणि गावचा कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यात फौजदारी वकिली करते. तालुका कोर्ट, जिल्ह्याचं सत्र न्यायालय आणि वेळ पडली तर उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. कोर्टाच्या आवारात, एसटी स्टँडवर आणि रात्री अकराला फोन करून लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, म्हणून कलमं नवी दिली आहेत आणि गरज तिथे जुना आकडाही. तुमची कागदं पाहिल्याशिवाय तुमच्या केसबद्दल कोणताच वकील पक्कं सांगू शकत नाही, हे मात्र धरून चला.

मॅडम, तुम्ही गुन्हेगारांना सोडवता ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरात तोवर पोलीस आलेले नसतात.

गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. ते काम सरकारने पुराव्याने आणि कायद्याने ठरवलेल्या रस्त्यानेच केलं पाहिजे. तो रस्ता सोडला की तिथे बोट ठेवणं हे माझं काम. आरोपी दोषी असला तरी त्याला मारहाण करता येत नाही, न्यायाधीशांसमोर उभं केल्याशिवाय चोवीस तासांपेक्षा जास्त डांबून ठेवता येत नाही, वकील नाकारता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २० ते २२ मध्ये हे लिहिलेलं आहे. तिथे ‘फक्त निर्दोष माणसासाठी’ अशी अट नाही. आज हे हक्क मोडण्याची सूट एका नावडत्या माणसाच्या बाबतीत चालवून घेतली, तर उद्या तीच पाण्यासाठी घागर घेऊन नगरपालिकेवर गेलेल्या बाईच्या बाबतीत वापरली जाते. मी हे होताना पाहिलं आहे.

बाबासाहेबांनी १९२६ मध्ये पुण्यातल्या बदनामीच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या बाजूने काम केलं आणि अपिलात ते सुटले. सामाजिक चळवळ आणि आरोपीची वकिली हे आपल्याकडे कधीच दोन वेगळे धंदे नव्हते.

पोराला पोलिसांनी ‘चौकशीला’ नेलंय. आधी काय करू?

आधी ठाण्यात जा, एकटे जाऊ नका, आणि आवाज चढवू नका. ठाणे अंमलदाराला एकच गोष्ट विचारा: अटक केली आहे की नाही? अटक केली असेल तर गुन्हा नंबर आणि कलमं घ्या. केली नसेल तर ‘मग त्याला घरी पाठवा’ असं म्हणा.

‘अजून अटक दाखवलेली नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. पोरगा काल संध्याकाळपासून आत, आणि अटक दाखवली आज दुपारी. चोवीस तास स्टेशन डायरीतल्या नोंदीपासून मोजायचे नसतात. ज्या क्षणी माणसाची मोकळीक काढून घेतली, तिथून मोजायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे स्पष्ट केलं आहे. पण त्याला ‘नेमकं कधी नेलं’ हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. म्हणून घरातून नेल्याची वेळ, गाडीचा नंबर, सोबत कोण होतं, हे सगळं एका कागदावर लिहा. पोलीस निरीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज करा: ‘माझा मुलगा अमुक यास आज इतक्या वाजता घरातून नेले आहे, त्याची माहिती मिळावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज तिथल्या तिथे पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर पाठवा. त्या ईमेलवरची वेळ पुढे रिमांडच्या, म्हणजे पोलीस कोठडी मागतात त्या वेळी माझ्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा असतो. चार तास ठाण्याबाहेर रडत बसलेल्या आईच्या साक्षीपेक्षा तिने पाठवलेल्या त्या दोन ओळी जास्त कामाला येतात. हे कठोर वाटेल, पण असंच आहे.

अटक झाली असेल तर या गोष्टी मागायच्या. अटकेचा पंचनामा, म्हणजे अटक मेमो, त्यावर घरातल्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम ३६). अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. चौकशीचा पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. वैद्यकीय तपासणी कलम ५३ प्रमाणे होते आणि तिची प्रत आरोपीला मिळते. ती प्रत सोडू नका.

आणि पोराला निरोप द्या: न्यायाधीशांसमोर उभं केल्यावर ‘काही तक्रार आहे का?’ असं विचारलं जातं. मार बसला असेल तर तिथेच बोल. घाबरून ‘नाही’ म्हटलं की ते रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत येतं आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवं येतं.

कोऱ्या कागदावर सही घेतली तर?

करू नका. केली असेल तर पहिल्याच तारखेला न्यायाधीशांना सांगा आणि वकिलाकडून लेखी अर्ज द्या. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असा कायदाच आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढाच भाग येतो.

नोटीस आली म्हणजे अटक होणारच का?

नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलं. अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस (जुनं ४१-अ) येते. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. हजर झाल्याचीही पोच घ्या. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा.

साठीच्या पुढचा किंवा आजारी माणूस असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे कुणीच सांगत नाही.

रास्ता रोको केला. ‘इतर पन्नास ते साठ इसम’ यांत माझं नाव नंतर घातलं. काय होईल?

मराठवाड्यात आंदोलन आणि गुन्हा यांची गाठ जुनी आहे. विद्यापीठ नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली साडेपंधरा वर्षं इथली एक पिढी मोर्चे, लाठ्या आणि तारखा यांतून गेली. अलीकडे १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठा आंदोलनात गावोगाव गुन्हे नोंदले गेले. कधी पीकविमा, कधी पाणी, कधी आरक्षण. मागणी बदलते, फिर्यादीचा साचा तोच राहतो.

त्या साच्यात साधारण ही कलमं असतात: बेकायदा जमाव (भारतीय न्याय संहिता, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम १८९, जुनं १४३), रस्ता अडवणं (१२६, जुनं ३४१), आदेशाचा भंग (२२३, जुनं १८८), जिल्हाधिकाऱ्यांच्या कलम ३७(१)(३) च्या जमावबंदी आदेशाचा भंग म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १३५, आणि प्रकरण जड करायचं असेल तर सरकारी कामात अडथळा म्हणून कलम १३२ (जुनं ३५३). हे शेवटचं अजामीनपात्र आहे, त्यामुळे फिर्याद हातात आली की आधी तेच शोधा.

बचाव कुठे असतो ते सांगते. कलम २२३ साठी कोर्टाला दखल घ्यायची तर ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टात लागते. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ती दखल टिकत नाही. कलम ३७ चा आदेश लोकांपर्यंत पोहोचवला होता का, तो आंदोलनाच्या दिवशी चालू होता का, हे तपासायचं. जमावात केवळ उभं असणं आणि जमावाच्या बेकायदा उद्देशात सामील असणं यांत फरक आहे. तुमचं नाव नंतर घातलं असेल तर ओळख कशावरून पटवली? मोबाईलच्या चित्रफितीवरून असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र कुठे आहे?

मग उलटतपास. असल्या केसमध्ये मी पंचनाम्याच्या वेळेपासून सुरुवात करते. घटनास्थळ पंचनामा साडेअकरा ते साडेबारा, आणि फिर्याद लिहून घेणारे साहेब त्याच वेळी ठाण्यात हजर. मग पंचनाम्यावर सही त्यांची कशी? पंच कोण? त्याच ठाण्याच्या आणखी किती केसमध्ये पंच होता? साधे प्रश्न असतात, पण दोन तारखा आधी स्टेशन डायरीची प्रत मागवलेली असेल तरच विचारता येतात.

सरकारने आंदोलनातले गुन्हे मागे घेतल्याचं जाहीर केलं. मग समन्स कसं आलं?

कारण घोषणेने खटला संपत नाही. शासन निर्णयात अटी असतात: जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. प्रकरण समितीसमोर जातं, मग सरकारी वकील अर्ज करतात आणि शेवटी कोर्टाने परवानगी द्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता कलम ३६०, जुनं ३२१). तोपर्यंत तारखेला जाणं चुकवू नका. ‘गुन्हे मागे घेतले’ या बातमीवर विसंबून घरी बसलेल्यांवर वॉरंट निघाली आहेत. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकलेली पोरं यांतलीच.

ऊसतोडीला गेलो होतो, मागे वॉरंट निघालं. आणि मुकादमाने उचलीवरून फसवणुकीची केस केलीय.

हे दोन प्रश्न बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या बाजूने दरवर्षी दिवाळीनंतर एकत्रच येतात.

वॉरंटचं आधी. कोयता घेऊन माणूस सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात असतो आणि इथे तारीख लागते. जायच्या आधी वकिलाला भेटून कुठल्या कारखान्याच्या हद्दीत जाणार ते सांगा, मुकादमाचा नंबर द्या. त्यावर हजेरी माफीचा अर्ज देता येतो (नागरिक सुरक्षा संहिता कलम ३५५, जुनं ३१७). वॉरंट निघालंच तर पळू नका. स्वतःहून कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. स्वतः आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं.

उचलीचं. हंगामाआधी मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून फसवणूक होत नाही. पैसे घेताना, अगदी त्याच दिवशी, फसवायचाच हेतू होता हे फिर्यादीला दाखवावं लागतं. हंगाम अर्धा करून बायको आजारी पडली म्हणून परत आलेला माणूस फसवणारा कसा? हा दिवाणी वाद आहे. उलट उचलीपोटी माणसाला किंवा त्याच्या लेकराला अडकवून ठेवलं असेल, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होतो आणि तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते. हिशेबाची वही, टनाच्या पावत्या, मुकादमाचे फोनवरचे निरोप जपून ठेवा.

परजिल्ह्यात अटक झाली की जामीनदाराचा घोळ होतो. तिथलं कोर्ट स्थानिक जामीनदार मागतं. कोयत्यावरच्या माणसाला सांगलीत कोण जामीन राहणार? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात सांगितलं आहे की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे किंवा त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. त्या निकालाची प्रत जोडून बीडचा सातबारा सांगलीत द्या. जामीन मंजूर होऊन महिना झाला आणि पैशावाचून माणूस आतच आहे, तर अटी शिथिल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, असे निर्देश जानेवारी २०२३ चे आहेत. कोर्टाने स्वतःहून केलं नाही तर आपण अर्ज द्यायचा.

वकिलाची फी परवडत नाही.

जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेला कोणताही माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फौजदारी केससाठी ‘लोक अभिरक्षक’ कार्यालय आहे, तिथे पगारी वकील फक्त आरोपींचंच काम बघतात. फोन १५१००. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील हा समज सोडा. माझ्या माहितीतले काही उत्तम उलटतपास याच वकिलांनी घेतलेले आहेत.

गायरान कसतो, अतिक्रमणाचा गुन्हा झाला. आता जमीन गेली का?

घाबरून ताबा सोडू नका आणि मारामारीही करू नका. मराठवाड्यात भूमिहीनांच्या गायरानाची लढाई दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहापासून चालत आली आहे. दलित चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड यांनी ती पुढे बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत नेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तुमचा ताबा त्या आधीचा आहे का, हाच सगळ्याचा गाभा.

तो सिद्ध कसा करायचा? इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तहसीलदाराने अतिक्रमण केलं म्हणून जो दंड लावला, त्या दंडाची पावती ही तुमच्या ताब्याचा पुरावा आहे. मी घरोघरी ट्रंका उघडायला लावते. लुगड्याच्या घडीत, जुन्या रेशनकार्डात गुंडाळलेली, पाच-दहा रुपयांची, शाई पुसट झालेली पावती निघते. तिच्यावर गट नंबर आणि साल असतं. शिक्षेची म्हणून लपवलेली ती पावतीच जमीन वाचवते. सोबत तलाठ्याकडचा १-ई अतिक्रमण नोंदवहीचा उतारा आणि पेऱ्याची नोंद मागा. तलाठी देत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच.

अर्थात २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाची गायरानाबद्दलची भूमिका कडक झाली आहे, त्यामुळे १९९० नंतरच्या ताब्याला हे संरक्षण मिळेल असं मी कुणालाही सांगत नाही.

पारधी वस्तीवर चोरी झाली की आम्हालाच उचलतात.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. नजर मात्र संपली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाबद्दलचा निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नये असंही पोलिसांना सांगितलं. वस्तीवर दोघांचे फोन नंबर ठरवून ठेवा, कुणाला नेलं की लगेच कळवायचं. शिकलेली एक पोरगी दोन ओळींचा अर्ज लिहील, एवढी तयारी आधीच करा. चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीचा बाँड घेण्याची कारवाई) किंवा तडीपारीची नोटीस आली तर तिला उत्तर द्यायचंच. तडीपारीच्या आदेशावर तीस दिवसांत अपील असतं.

अ‍ॅट्रॉसिटीत तुम्ही कुणाच्या बाजूने?

मी दोन्ही बाजूंची कामं घेतली आहेत. पीडितांना माझं सांगणं: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १५-अ वाचा. जामिनाच्या अर्जात तुम्हाला नोटीस मिळणं आणि तुमचं म्हणणं ऐकलं जाणं हा हक्क आहे. आरोपींना सांगणं: अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची बंदी आहे; फिर्यादीतून गुन्हाच दिसत नसेल तेवढ्याच प्रकरणात वाट उघडते. ‘सगळ्या केस खोट्या असतात’ असं माझ्या टेबलावर बसून कुणी म्हटलं तर मी तिथेच थांबवते. वस्तीतल्या बाईला फिर्याद नोंदवायला काय सोसावं लागतं, ते मी ठाण्यात बसून पाहिलं आहे.

कोठडीत माणूस दगावला तर घरच्यांनी काय करायचं?

शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी मागा (नागरिक सुरक्षा संहिता कलम १९६), ठाण्याच्या सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याची आई खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं तरी तो आदेश टिकला. आईने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हे झालं.

नगरपालिकेने घर पाडायची नोटीस चिकटवली. वकील लागतो का?

लागतो, आणि त्याच आठवड्यात. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि कारणासह आदेश लागतो. रस्ता, फूटपाथ, नदीपात्रावरच्या बांधकामाला हे लागू नाही. नोटीस चिकटवलेल्या भिंतीचा तारखेसह फोटो काढा. घरात कुणी आरोपी आहे म्हणून घर पाडणं बेकायदा आहे.

ग्रामसभेत प्रश्न विचारला म्हणून गावाने वाळीत टाकलंय.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात आणि प्रश्न विचारणं हा तुमचा अधिकार आहे. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किराणा नाकारला, पिठाची गिरणी बंद केली, लग्नाला बोलावणं थांबवलं: तारीख आणि माणसाचं नाव लिहून ठेवत चला. आणि शक्यतो ग्रामसभेतला प्रश्न आधी ग्रामसेवकाकडे लेखी द्या, म्हणजे वादाचं मूळ कागदावर राहतं.

तालुक्याच्या वकील संघाने ‘या आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये’ असा ठराव केलाय.

असा ठराव बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गावात संताप असतो, मलाही येतो. पण वकिलाविना चाललेल्या खटल्यातली शिक्षा अपिलात उडते आणि मग पीडितेच्या घरच्यांना सगळं पुन्हा सोसावं लागतं. स्थानिक वकील तयार नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या.

खंडपीठात कधी जायचं?

फिर्याद रद्द करायची असेल (नागरिक सुरक्षा संहिता कलम ५२८), सत्र न्यायालयाने जामीन नाकारला असेल, बेकायदा डांबून ठेवलं असेल किंवा प्रशासन लेखी अर्जांना दादच देत नसेल तेव्हा. २७ ऑगस्ट १९८१ ला हे खंडपीठ सुरू झालं म्हणून आपली मुंबईची फेरी वाचली. मराठवाड्याचे आठ आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे त्याच्याकडे आहेत. शहराच्या पाणीपुरवठ्यासारख्या प्रश्नावरही तिथे जनहित याचिका चालली आहे. पण ‘आम्ही दहा वेळा सांगितलं’ याला तिथे किंमत नाही. दहातले दोन अर्ज पोच घेतलेले असतील तर मी बोलू शकते.

भेटायला येताना काय आणू?

फिर्यादीची प्रत, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट (पाकिटावरचा टपालाचा शिक्का लागतो), आधार, जामीनदार होणाऱ्याचा चालू सातबारा किंवा घराचा उतारा. दवाखान्याची कागदं असतील तर मूळ. मोबाईलमधलं चित्रण असेल तर फोनच आणा, पुढे पाठवलेली प्रत नको, आणि त्यातलं काहीही पुसू नका. घडलेलं सगळं खरं सांगा. तुम्ही वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं. फी किती, कशाकशाची आणि पावती मिळणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा. जिंकल्यावर रकमेत वाटा मागणारा वकील नियम मोडतो आहे, त्याला वकीलपत्र देऊ नका.